उपचार-श्वान आणि किशोरवयीनांचे मार्गदर्शन

शाळा अर्ध्यावर सोडलेला, घरातील कलह जवळून पाहिलेला किंवा एखाद्या गुन्ह्याच्या संदर्भात निरीक्षणगृहात आलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा अनोळखी प्रौढ व्यक्तीसमोर सहसा मोकळेपणाने बोलत नाही. ‘काही नाही’, ‘ठीक आहे’, ‘माहीत नाही’ एवढ्या तीन उत्तरांवर पहिल्या कित्येक भेटी संपतात. अशा मुलामुलींना आधार देण्यासाठी नेमलेल्या मार्गदर्शकाच्या कामातील हा सर्वांत कठीण टप्पा होय. गेल्या सहा दशकांत अनेक देशांमध्ये या टप्प्यावर प्रशिक्षित श्वानांची मदत घेतली जाऊ लागली आहे. हे श्वान नेमके काय करतात, त्यांच्या उपयुक्ततेविषयी संशोधन काय सांगते आणि भारतातील परिस्थितीत कोणती पथ्ये पाळणे आवश्यक ठरते, याचा हा आढावा.

उपचार-श्वान कोणाला म्हणावे?

माणसासाठी काम करणाऱ्या श्वानांचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांत नेहमी गल्लत होते. पोलिसांच्या श्वानपथकातील कुत्रा वासावरून माग काढतो. दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा हा साहाय्यक श्वान. तो एकाच व्यक्तीच्या गरजेसाठी घडवलेला असतो आणि अमेरिकेसारख्या देशांत त्या व्यक्तीसोबत सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा अधिकार त्याला कायद्याने मिळालेला आहे. उपचार-श्वान, म्हणजेच ‘थेरपी डॉग’, या दोहोंहून वेगळा. तो बहुधा कोणाच्या तरी घरी वाढलेला पाळीव कुत्राच असतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आपल्या पालकासोबत शाळेत, रुग्णालयात किंवा संस्थेत जाऊन इतरांना सहवास देणे हे त्याचे काम. त्याला प्रवेशाचा वेगळा कायदेशीर हक्क नसतो. संस्थेच्या परवानगीनेच तो आत येतो. त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी पोलीस दलात रूढ असलेला ‘हस्तक’ हा शब्द येथेही वापरता येईल.

नावात ‘उपचार’ असला तरी या श्वानाची प्रत्येक भेट हा उपचार नसतो. मानव आणि प्राणी यांच्या परस्परसंबंधांवर काम करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात प्राण्यांच्या साहाय्याने होणारा उपचार, त्यांच्या साहाय्याने होणारे शिक्षण आणि केवळ विरंगुळ्यासाठी होणाऱ्या भेटी यांत स्पष्ट भेद केला आहे. उपचार हा मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक किंवा तत्सम पात्रताधारक व्यक्तीने, निश्चित उद्दिष्ट ठरवून आणि प्रगतीची नोंद ठेवून करायचा असतो. मार्गदर्शक हा उपचारक नव्हे. त्याच्या सोबतीला कुत्रा आला म्हणून तो उपचारक होत नाही, हे आरंभीच ध्यानात घेतलेले बरे. कारण या क्षेत्रातील बरेचसे अवास्तव दावे याच गल्लतीतून जन्म घेतात.

मार्गदर्शनाची चळवळ आणि तिचा कमकुवत दुवा

अडचणीत सापडलेल्या मुलाला एका जबाबदार प्रौढाची नियमित सोबत द्यावी, ही कल्पना आधुनिक संस्थात्मक रूपात प्रथम न्यूयॉर्कमध्ये आकाराला आली. तेथील बालन्यायालयात लिपिक असलेल्या अर्नेस्ट कोल्टर यांनी १९०४ मध्ये, न्यायालयात येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येकी एक ‘मोठा भाऊ’ मिळावा म्हणून स्वयंसेवक गोळा केले. त्यातून पुढे ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था उभी राहिली. भारतातही अशा प्रयत्नांना गती आली असून बंगळूरुची ‘मेंटॉर टुगेदर’ ही संस्था २००९ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

अशा सोबतीचा खरोखर उपयोग होतो का, याची मोठी तपासणी अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा ते सोळा वर्षे वयाच्या ९५९ मुलामुलींचा अठरा महिने मागोवा घेण्यात आला. मार्गदर्शक लाभलेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांचे सेवन नव्याने सुरू होण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी, तर मद्यपान सुरू होण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी आढळले. शाळेतील गैरहजेरीही घटली.

या निष्कर्षांची दुसरी बाजू सात वर्षांनी पुढे आली. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी त्याच माहितीचे नव्याने विश्लेषण करून २००२ मध्ये दाखवून दिले की, लाभ झाला तो प्रामुख्याने वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ टिकलेल्या नात्यांत. ज्या जोड्या पहिल्या तीन महिन्यांतच तुटल्या, त्यांतील मुलांचा स्वतःविषयीचा आदर आधीपेक्षाही खालावला होता. म्हणजे अर्ध्यात सुटलेला हात हा कधीच न मिळालेल्या हातापेक्षा अधिक दुखावून जातो. ज्या मुलाला मोठ्या माणसांनी पूर्वीच एकदा सोडून दिलेले आहे, त्याच्या दृष्टीने तो आणखी एक पुरावा ठरतो.

नाती तुटण्याची कारणे अनेक असतात. त्यांतील एक अगदी साधे आहे : पहिल्या काही आठवड्यांत दोघांनाही काय बोलावे ते सुचत नाही. मुलगा गप्प राहतो, मार्गदर्शकाला आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते, भेटी लांबतात आणि मग थांबतात. श्वानाची खरी कामगिरी या पहिल्या काही आठवड्यांतली आहे.

‘जिंगल्स’ने सुरू केलेली गोष्ट

रुग्णांच्या सहवासात प्राणी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रिट्रीट’ या मनोरुग्णालयाच्या अंगणात ससे, कोंबड्या असे लहान प्राणी मुद्दाम पाळले जात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही, दीर्घकाळ आजारी असणाऱ्यांना एखाद्या लहान पाळीव प्राण्याची संगत हितकारक ठरते, असे आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात नमूद केले होते. तथापि किशोरांच्या संदर्भात हा विषय शास्त्रीय चर्चेत आणण्याचे श्रेय बोरिस लेव्हिन्सन या न्यूयॉर्कच्या बालमानसशास्त्रज्ञांकडे जाते.

लेव्हिन्सन यांच्याकडे ‘जिंगल्स’ नावाचा कुत्रा होता. कोणाशीही न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आणला गेला, तेव्हा जिंगल्स योगायोगाने खोलीत होता. मुलगा कुत्र्याशी खेळू लागला, पुढल्या भेटीत त्याच्याशी बोलू लागला आणि हळूहळू त्या खेळात लेव्हिन्सन यांनाही जागा मिळाली. १९६१ मध्ये त्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत हा अनुभव मांडला. सभागृहात हशा पिकला. ‘मग फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता?’ असेही त्यांना विचारले गेल्याचे सांगतात. परंतु १९६२ मध्ये कुत्र्याला ‘सह-उपचारक’ म्हणणारा त्यांचा निबंध आणि १९६९ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे सिग्मंड फ्रॉइड यांचीही ‘योफी’ नावाची चाऊ जातीची कुत्री त्यांच्या उपचारांच्या वेळी खोलीत असे, ही बाब चर्चेत आली आणि हसणाऱ्यांची संख्या घटली.

सत्तरच्या दशकातील ओहायो राज्य विद्यापीठातील घटना तर किशोरांशी थेट निगडित आहे. सॅम्युएल आणि एलिझाबेथ कॉर्सन हे दांपत्य तेथे श्वानांच्या वर्तनावर संशोधन करीत होते. श्वानगृह मनोरुग्णालयाजवळच होते. तेथील काही किशोरवयीन रुग्ण दीर्घकाळ मौन धरून होते. कुत्र्यांचे भुंकणे कानी पडल्यावर त्यांतील काहींनी मौन सोडून, ‘आम्हाला त्या कुत्र्यांशी खेळता येईल का, त्यांची देखभाल करता येईल का’, अशी विचारणा केली. कॉर्सन दांपत्याने हा धागा सोडला नाही. श्वानांच्या साहाय्याने होणाऱ्या मानसोपचाराचे त्यांचे प्रयोग त्यातूनच उभे राहिले.

१९७७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘डेल्टा सोसायटी’ने, जी २०१२ पासून ‘पेट पार्टनर्स’ या नावाने ओळखली जाते, या स्वयंसेवी कामाला नियमांची चौकट दिली. सॉल्ट लेक सिटीत १९९९ मध्ये ग्रंथालयात मुलांनी श्वानाला वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. अडखळत वाचणारे मूल वर्गात हसे होईल म्हणून तोंड उघडत नाही. कुत्रा उच्चार सुधारत नाही आणि हसतही नाही. सिअ‍ॅटलमध्ये एलन ओ’नील-स्टीफन्स या सरकारी वकिलांनी २००३ मध्ये घरचा ‘जीटर’ हा साहाय्यक श्वान, व्यसनात अडकलेल्या अल्पवयीनांच्या न्यायालयात नेण्यास प्रारंभ केला. न्यायालयातील श्वानांची चळवळ तेथून पसरली.

शरीर काय सांगते?

कुत्रा जवळ असता मन शांत होते, हे घरी कुत्रा असणाऱ्याला सांगावे लागत नाही. प्रश्न असा की, ते मोजता येते का? एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मुलांना मोठ्याने वाचावयास सांगून त्यांचा रक्तदाब तपासला. खोलीत कुत्रा असताना तो कमी राहिला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पॅट्रिशिया पेंड्री यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४९ विद्यार्थ्यांचा समावेश होता. ज्यांनी दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळले, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण, नुसते पाहणाऱ्यांपेक्षा आणि रांगेत थांबलेल्यांपेक्षा कमी आढळले.

मार्गदर्शनाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय अभ्यास मात्र आंद्रेआ बीट्झ आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांचा आहे. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी जवळच्या माणसांवरचा विश्वास पक्का न झालेली मुले या अभ्यासासाठी निवडली होती. त्यांना अनोळखी परीक्षकांसमोर गोष्ट पूर्ण करणे, गणिते सोडवणे अशी ताण आणणारी कामे दिली गेली. काहींच्या सोबतीला एक प्रेमळ प्रौढ व्यक्ती होती, काहींना खेळण्यातला कुत्रा दिला होता आणि काहींजवळ खरा कुत्रा होता. खरा कुत्रा जवळ असलेल्या मुलांमध्ये कॉर्टिसॉलचे प्रमाण सर्वांत कमी राहिले. ज्यांनी त्याला अधिक कुरवाळले, त्यांच्यात ते आणखी कमी होते. प्रेमळ माणसाची सोबत त्या मानाने तोकडी पडली.

याचा अर्थ माणसापेक्षा कुत्रा श्रेष्ठ असा नव्हे. ज्या मुलांना माणसांकडूनच इजा पोहोचली आहे, त्यांच्या दृष्टीने प्रौढाची जवळीक हीच मुळी धोक्याची खूण असते. तो कितीही सज्जन असला तरी शरीर सावध होते. कुत्र्याच्या बाबतीत ती जुनी आठवण आड येत नाही. जपानमधील मिहो नागासावा यांनी २०१५ मध्ये, मालक आणि कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांतही ऑक्सिटोसिन वाढते, असे दाखवले होते. त्या निष्कर्षाचा हवाला येथे वारंवार दिला जातो. पण तो स्वतःच्या कुत्र्याविषयीचा आहे. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या परक्या श्वानाला तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल.

प्रत्यक्ष भेट कशी चालते?

चांगल्या उपक्रमांत पहिली भेट श्वानाविना होते. मुलाला कुत्र्याची भीती आहे का, कधी चावा झाला आहे का, केसांची अ‍ॅलर्जी किंवा दमा आहे का, घरच्यांची धार्मिक वा अन्य कारणाने हरकत आहे का, याची विचारणा तेव्हाच केली जाते. नकार मिळाला तर विषय तेथेच संपतो. संमती मिळाल्यावरही श्वानाला मुलाकडे नेले जात नाही. तो खोलीच्या एका बाजूस बसतो आणि जवळ जायचे की नाही हे मूल ठरवते. आयुष्यात फारसे काहीच स्वतः ठरवता न आलेल्या मुलाला मिळालेला हा एक छोटासा निर्णय असतो.

त्यानंतरच्या भेटी बहुधा चालत होतात. समोरासमोर खुर्च्या टाकून बसले की चौकशी चालल्यासारखे वाटते. एकाच दोरीला धरून शेजारी चालताना डोळे रस्त्यावर किंवा कुत्र्यावर राहतात आणि शब्द सुटतात. मोटारीत किंवा स्वयंपाकघरात काम करताना मुले अधिक बोलतात, हा घरोघरचा अनुभव याच जातीचा आहे. मध्ये शांतता पसरली तरी ती बोचत नाही, कारण कुत्रा काही ना काही करीतच असतो. ‘याला हे झाड एवढे का आवडते?’ अशा निरुद्देश वाक्याने पुन्हा सुरुवात करता येते.

पुढचा टप्पा शिकवण्याचा. श्वानाला बसण्यास, थांबण्यास, दिलेली वस्तू सोडण्यास सांगणे मुलाला शिकवले जाते. (घरात शुद्ध मराठी बोलणारी माणसेही कुत्र्याला ‘सिट’, ‘स्टे’ असे इंग्रजीतच का सांगतात, हे एक कोडेच आहे, कुत्र्याला भाषेचे काही नसते.) येथे मुलाला आपल्या आवाजाचा आणि देहबोलीचा परिणाम तत्काळ दिसतो. ओरडले तर कुत्रा मागे सरतो. आज्ञा दहा वेळा घाईघाईने उच्चारली तर तो गोंधळतो. एकदा, शांतपणे, थांबून सांगितली तर बसतो. हेच एखाद्या शिक्षकाने सांगितले असते तर तो उपदेश झाला असता. मार्गदर्शकाने यावर भाष्य करण्याची घाई न करणे उत्तम. पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांनी मुलगाच म्हणतो की, घरी धाकट्या भावावर ओरडतो तेव्हा तोही असाच मागे सरतो.

श्वानाच्या निमित्ताने भावनांविषयीही बोलता येते. ‘तुला राग का येतो?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘हा आज दाराकडेच का पाहतो आहे, असे तुला वाटते?’ या प्रश्नाला मिळते आणि त्या उत्तरात मुलाचे स्वतःचे बरेच काही असते. मार्गदर्शकाने ते ऐकावे आणि तूर्त कुत्र्याविषयीच बोलत राहावे.

यापुढची पायरी मात्र अनेक उपक्रमांत राहून जाते. मुलाचा विश्वास कुत्र्यावर बसला, तेवढ्यावर समाधान मानले जाते. वास्तविक तो विश्वास मार्गदर्शकाकडे सरकला पाहिजे. लेव्हिन्सन यांच्या खोलीतही मुलगा आधी जिंगल्सशी बोलला, पण उपचार पुढे गेला तो लेव्हिन्सन यांना त्या खेळात स्थान मिळाल्यावर. त्यामुळे जाणकार मार्गदर्शक काही भेटींनंतर श्वानाशिवायच्या भेटी मध्ये मध्ये ठेवू लागतो, त्यांचे प्रमाण वाढवत नेतो आणि हे मुलाला आधी सांगतो. कुत्रा नाही म्हणून मुलगा भेटीलाच आला नाही, तर काम अद्याप झालेले नाही असे समजावे. कुत्र्याचे आमिष दाखवून मुलाला बसवून ठेवणे किंवा शिक्षा म्हणून कुत्र्याची भेट रद्द करणे या दोन्ही गोष्टी संपूर्ण प्रयत्नाचे मूळच उखडतात.

मुलगाच जेव्हा शिक्षक होतो

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात वुडबर्न येथील मॅकलारेन या अल्पवयीन गुन्हेगारांच्या सुधारगृहात १९९३ मध्ये जोन डाल्टन यांनी ‘प्रोजेक्ट पूच’ सुरू केला. येथे मांडणी उलट होती. प्राणी-निवाऱ्यांतून आणलेले, कोणी दत्तक न घेतलेले कुत्रे या मुलांच्या स्वाधीन केले जात. त्यांना खाऊ घालणे, स्वच्छ ठेवणे, आज्ञा शिकवणे आणि अखेर नव्या कुटुंबाच्या हाती सोपवणे ही मुलांची जबाबदारी. कुत्रा सोपवताना होणारे दुःख हाही शिकण्याचाच भाग मानला गेला. यातील मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाहीत, असा दावा नंतर बराच गाजला. मात्र असे उपक्रम स्वखुशीने निवडणारी मुले मुळातच बदलण्यास उत्सुक असण्याची शक्यता अधिक असते आणि त्यांची संख्याही थोडी असते. त्यामुळे तो दावा जपूनच स्वीकारावा लागतो. तरीही टाकून दिलेल्या जिवाला पुन्हा विश्वासयोग्य बनवण्याचे काम एखाद्या मुलाच्या हाती देणे, ही कल्पना स्वतंत्र विचारास पात्र आहे.

श्वानाची बाजू

या सर्वांत श्वानाला काय हवे, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नव्हता. आता तो टाळता येत नाही. ‘पेट पार्टनर्स’च्या नियमांनुसार श्वान किमान एक वर्षाचा असावा लागतो, श्वान आणि हस्तक या जोडीची दर दोन वर्षांनी फेरतपासणी होते आणि दिवसाला दोन तासांहून अधिक काम घेता येत नाही. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांना त्या संस्थेत प्रवेश नाही, कारण त्यांच्यापासून जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. जातीला फारसे महत्त्व नाही. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रिव्हर अधिक दिसतात हे खरे. परंतु निवड स्वभाव पाहून होते. अनोळखी हात, अचानक आवाज, गर्दी, चाकाची खुर्ची यांनी न बिचकणारा आणि माणसांकडे आपणहून जाणारा कोणताही कुत्रा चालतो. आपल्याकडचा गावठी कुत्राही.

कुत्रा थकला की तो सांगतो. पण त्याची भाषा ठाऊक हवी. खाणे समोर नसताना ओठ चाटणे, वारंवार जांभया देणे, मान वळवणे, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसणे, शेपूट पोटाखाली घेणे ही ताणाची लक्षणे होत. गुरगुरणे त्यानंतरचे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला शिक्षा करू नये. तो इशारा देणे सोडून देतो आणि मग थेट चावतो. ही लक्षणे पाहण्याचे काम हस्तकाचे. म्हणून हस्तक आणि मार्गदर्शक या दोन भूमिका शक्यतो दोन स्वतंत्र व्यक्तींकडे असाव्यात. एकच माणूस रडणाऱ्या मुलाकडे आणि जांभई देणाऱ्या कुत्र्याकडे एकाच वेळी लक्ष देऊ शकत नाही. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे अनेक ठिकाणी या नियमाला मुरड घातली जाते. ती घालू नये असे स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक वाटते.

भारतातील परिस्थिती

दत्तगुरूंच्या पायाशी कुत्रे बसतात, नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावल्याची कथा घराघरांत सांगितली जाते, धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार नाकारले. तरीही आपल्याकडे कुत्रा म्हटले की पुष्कळ मुलांच्या मनात प्रथम भीती येते आणि ती निराधार नाही. रेबीज हा रोग एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. श्वानदंशातून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याची राष्ट्रीय कृती योजना केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांसारख्या परिसरांतून भटके कुत्रे हटवण्याचे निर्देश दिले. हे निर्देश भटक्या कुत्र्यांविषयीचे आहेत. परंतु त्या पार्श्वभूमीवर एखाद्या शाळेने श्वान आत आणावयाचे ठरवले, तर पालकांना शंका येणे स्वाभाविक आहे. त्यांना लसीकरणाची प्रमाणपत्रे दाखवणे, श्वान सतत दोरीला असेल याची हमी देणे आणि नकार देणाऱ्या पाल्यासाठी पर्यायी व्यवस्था ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. लस दिलेल्या कुत्र्याचाही दात किंवा नख लागले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. घरगुती उपाय करू नयेत.

आशियात या कामाची एक वाट हाँगकाँगहून आली. जिल रॉबिन्सन यांनी १९९१ मध्ये आपल्या ‘मॅक्स’ या गोल्डन रिट्रिव्हरसह रुग्णालयांत जाण्यास सुरुवात केली आणि ‘डॉक्टर डॉग’ हा उपक्रम पुढे भारतासह इतर देशांत पोहोचला. महाराष्ट्रात मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ ही संस्था या क्षेत्रातील भारतातील आरंभीच्या संस्थांपैकी आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत प्रशिक्षित श्वानांच्या साहाय्याने काम करण्याची पद्धत तिने रुजवली. महाविद्यालयांत परीक्षेच्या काळात कुत्र्यांना बोलावण्याची प्रथाही महानगरांत दिसू लागली आहे. तो विरंगुळा म्हणून ठीक. मार्गदर्शन म्हणजे वर्षभराची बांधिलकी, आणि ती अर्ध्या तासाच्या भेटीने होत नाही.

बालगृहे आणि निरीक्षणगृहे यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये विधिसंघर्षग्रस्त बालकाचे पुनर्वसन हे उद्दिष्ट ठरलेले असले, तरी तेथे मुले किती दिवस राहतील हे निश्चित नसते. आज भेटलेला मुलगा पुढच्या आठवड्यात जामिनावर सुटून गावी गेलेला असू शकतो. अशा ठिकाणी दीर्घ मुदतीचे नाते गृहीत धरून आखलेला कार्यक्रम फसतो. त्यामुळे मार्गदर्शकाने मुलाच्या घरापर्यंत संपर्क ठेवण्याची तरतूद आधी असावी आणि श्वानाचा विचार मागाहून व्हावा.

पुराव्याची मर्यादा

किशोरवयीनांच्या मानसोपचारात श्वानांचा उपयोग या विषयावरील संशोधनाचा ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला. निकषांत बसणारे अवघे सात अभ्यास त्यांना सापडले. निष्कर्ष आशादायक होते, पण नमुने लहान आणि पद्धती भिन्न. मार्गदर्शनाच्या उपक्रमांपुरते पाहिले तर हा आकडा आणखी खाली येतो. शिवाय संशोधन करणारे बहुधा स्वतः श्वानप्रेमी असतात, नव्या गोष्टीचा उत्साह पहिले काही आठवडे टिकतोच आणि कुत्र्याला न आवडणारी मुले सहभागीच होत नाहीत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅल हर्झोग यांनी अशा त्रुटींवर सातत्याने बोट ठेवले आहे. अल्पकाळ ताण कमी होतो, यास चांगला आधार आहे. वर्षभरानंतर मुलाच्या आयुष्यात काय उरते, याविषयीचा आधार क्षीण आहे.

संस्थाचालकांनी काय विचारावे?

एखादी संस्था असा उपक्रम घेऊन आली, तर शाळेने किंवा बालगृहाने काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. श्वानाची स्वभावचाचणी कोणी आणि केव्हा केली? रेबीजसह अन्य लसी आणि जंतनाशक औषधे यांच्या तारखा काय? हस्तक वेगळा आहे की मार्गदर्शकच ते काम करणार? एका दिवसात श्वान किती वेळ काम करेल आणि त्याला एकांतात विश्रांती घेण्यास जागा कोठे असेल? दंश झाल्यास जबाबदारी कोणाची, विमा आहे का? मार्गदर्शकाची पार्श्वभूमी तपासली आहे का? प्राण्यांच्या गोंडस छायाचित्रांत हा शेवटचा प्रश्न मागे पडतो. बालसंरक्षणाच्या दृष्टीने तो पहिला असावयास हवा.

श्वानाच्या निवृत्तीचेही आधीच ठरवावे. लॅब्राडोरसारख्या कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते बारा वर्षांचे असते आणि सांधेदुखी किंवा दृष्टिदोष सुरू झाल्यावर त्याला काम देणे योग्य नव्हे. तो येणे थांबल्यावर मुलांना कारण न सांगणे, किंवा तो मेला असता ‘गावी गेला’ असे सांगणे, हा प्रकार घडतो. ज्या मुलांच्या आयुष्यातून माणसे अशीच न सांगता निघून गेली आहेत, त्यांना खरे सांगावे, निरोप घेण्याची संधी द्यावी आणि त्यानंतरच्या आठवड्यात मार्गदर्शकाने नेहमीच्या वेळी, एकट्याने का होईना, भेटीस यावे.